लेस बांधण्याचं नाटक

रस्त्यावर धावणाऱ्या माणसाला चालायची फार लाज वाटते. सगळ्यांचं माहीत नाही, मला वाटते. सहा वर्षांत मी नऊ हाफ मॅरेथॉन (प्रत्येकी २१ किलोमीटर) आणि दोन पूर्ण मॅरेथॉन (प्रत्येकी ४२) धावले, आणि एवढ्या अंतरात जिथे जिथे चालायची वेळ आली तिथे तिथे मी बुटाची लेस बांधली. लेस सुटलेली नसायचीच. खाली वाकायचं, चांगली घट्ट बसलेली गाठ सोडायची, पुन्हा मारायची, तेवढ्यात आठ-दहा श्वास पदरात पाडून घ्यायचे आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने निघायचं. एकदा ३४व्या किलोमीटरला मी दोन्ही बुटांच्या लेसा बांधल्या. शेजारी आणखी एक मुलगी नेमकी तेव्हाच वाकली. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

खरं तर मॅरेथॉनमध्ये चालायला कुणाची बंदी नाही. बंदी आहे ती उलटी. ऑलिंपिकमध्ये चालण्याची शर्यत असते, तिथे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटलेले नुसत्या डोळ्यांना दिसले, तर पंच कार्ड दाखवतात आणि अशी कार्डं साठली की शिक्षा होते. म्हणजे चालणाऱ्याने धावू नये असा कायदा आहे. धावणाऱ्याने चालू नये असा नाही. तो आमचा आम्हीच केला, आणि त्याची अंमलबजावणी मनगटावरच्या घड्याळाकडे सोपवली. पेस नावाचा जो आकडा असतो, एका किलोमीटरला किती मिनिटं, तो माझा ५:३५ च्या आसपास असतो. असतो म्हणजे मी तोच आहे असं मला वाटायचं. कुणी 'कशी आहेस?' विचारलं तर 'पाच पस्तीस' असं उत्तर तोंडावर यायचं बाकी होतं.

अशा बाईने डोंगरातल्या शर्यतीचा फॉर्म भरला. अंतर २५ किलोमीटर, चढ १,५०० मीटर, वेळेची मर्यादा सहा तास. यातला पहिला आकडा मी वाचला, तिसऱ्याला हसले आणि दुसरा आकडा नजरेखालून गेला. हाफ मी एक तास ५८ मिनिटांत करते. वरचे चार किलोमीटर, थोडा चढ, थोडी दमणूक, असं धरून मी दोन तास ४५ मिनिटांचा हिशेब मांडला. सहा तास कशाला हवेत? वर जाऊन एक डुलकी काढून आलं तरी वेळ उरेल.

हा हिशेब कसा मांडायचा हे स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ सालीच सांगून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. नकाशावरच्या दर तीन मैलांना एक तास धरा, आणि चढायच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. हा चालणाऱ्यांचा नियम. डोंगरात धावणाऱ्यांचाही असाच एक आकडा आहे, तो आणखी सोपा: चढाच्या दर १०० मीटरला एक किलोमीटर वाढवायचा. म्हणजे माझे २५ किलोमीटर हे खरे ४० किलोमीटर होते. मी हाफचा मोठा भाऊ समजून ज्याच्याशी सोयरीक केली तो जवळजवळ पूर्ण मॅरेथॉन निघाला.

सोबत काय बाळगायचं याची यादी आली तेव्हा तरी शंका यायला हवी होती. पाणी, वाऱ्यापावसाचं जाकीट, चार्ज केलेला फोन, अंग गुंडाळायला चकचकीत पत्र्यासारखं दिसणारं पातळ ब्लँकेट आणि शिट्टी. शिट्टी कशाला? तर एका मिनिटात सहा वेळा वाजवली की ती संकटाची हाक समजतात. मिनिटाला तीन वेळा वाजली तर समजायचं की ऐकलं, येतो आहोत. रस्त्याच्या शर्यतीत माझी सगळ्यात मोठी काळजी बिब, म्हणजे छातीवरचा नंबराचा कागद, लावायच्या सेफ्टी पिना घरी राहिल्या तर काय, ही असते. मी शिट्टी पिशवीत टाकली आणि नव्या बुटांच्या तळाचे रबरी दात मोजत बसले.

पहिले दोन किलोमीटर रुंद कच्चा रस्ता होता आणि मी आयुष्यात धावले नसेन इतकी रुबाबात धावले. ५:२०. माणसांमागून माणसं मागे पडत होती. त्यांतल्या कित्येकांच्या हातात काठ्या होत्या, केस पिकलेले होते, आणि त्यांची मला, खरं सांगते, थोडी दया आली. मग रस्ता संपून पायवाट लागली, ती डोंगराच्या सोंडेवर चढली, आणि समोरची सगळी रांग एकाएकी चालायला लागली. कुणी हुकूम सोडल्यासारखी. कुणी लाजलं नाही, कुणी वाकलं नाही, कुणाची लेस सुटली नाही.

मी धावत राहिले. धावत राहिले म्हणजे हात धावण्याचे हालत होते, तोंड धावण्याचं वासलेलं होतं, पायांचं मात्र सांगता येत नाही. घड्याळ १३ मिनिटं दाखवू लागलं, मग १७, मग २२. मग त्याने एक बीप दिला आणि ते थांबलं. त्यात एक सोय असते, आपण सिग्नलला वगैरे थांबलो की ते आपोआप वेळ मोजायचं बंद करतं. मी जिवाच्या आकांताने धावत होते आणि माझ्याच घड्याळाचं मत पडलं होतं की ही बाई उभी आहे.

माझ्या बाजूने साठीचे एक काका गुडघ्यांवर हात दाबत, मोठमोठी पावलं टाकत चालले होते. माझ्याच वेगाने. फरक एवढाच की ते मागच्या माणसाशी गप्पा मारत होते.

"ताई, चाला की," ते म्हणाले. "इथे चालायला परवानगी आहे."

यावर मी काय करावं? मी वाकले आणि लेस बांधायला घेतली.

काका थांबले. "सुटली का? या बुटांच्या लेसा फार सुटतात. दुहेरी गाठ मारा."

सहा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. रस्त्यावर लेस बांधणाऱ्याला बघून न बघितल्यासारखं करायचं, असा आमच्यात सभ्यपणाचा अलिखित करार आहे. हे मात्र खरोखर काळजीने बघत उभे होते. मी निमूटपणे दुहेरी गाठ मारली, आणि चालायला लागले.

काका जे पायांनी ओळखून होते ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ट्रेडमिल भलतंच तिरकं करून मोजलं आहे. चढ साधारण १६ अंशांच्या पुढे गेला, की तेवढीच उंची तेवढ्याच वेळात गाठायला धावण्यापेक्षा चालण्यात कमी शक्ती लागते. म्हणजे तिथे धावणारा जास्त शूर नसतो, जास्त उधळ्या असतो. आणि या खेळातली सर्वांत नावाजलेली जी शर्यत, माँ ब्लाँ या आल्प्समधल्या पर्वताभोवती फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड असे तीन देश फिरून येणारी, ती सुमारे १७० किलोमीटरची आहे, चढ १०,००० मीटरच्या आसपास, आणि वेळेची मर्यादा साडेशेहेचाळीस तास. भागाकार करून बघा. ताशी चार किलोमीटरपेक्षाही कमी. बाजाराची पिशवी घेऊन माणूस याहून जोरात चालतो. तरी २००३ साली ती पहिल्यांदा झाली तेव्हा निघालेल्या सातशेहून अधिक लोकांपैकी पूर्ण करणारे निघाले ६७. जगातले इतके तयारीचे लोक इतक्या सावकाश जातात, आणि मी मात्र रस्त्यावर दहा पावलं चालण्यासाठी नाटकं करते!

चालण्यातही शिकण्यासारखं काही असतं हे मला चाळिशीत कळावं, हे वाईट. पाऊल पूर्ण टेकवायचं, कमरेतून वाकायचं नाही, हाताने मांडी खाली रेटायची, आणि चढ जरा मोडला की लगेच दुडकी धरायची. हे शेवटचं मला जमेना. काका दर सपाटीला धावायचे, तीस पावलं का होईना; मी एकदा चालायला लागले ती चालतच राहायचे. आधी धावणं थांबवता येत नव्हतं, आता चालणं.

इथे निसर्गाबद्दल एक परिच्छेद यायला हवा. येणार नाही, कारण मी तो पाहिला नाही. रस्त्यावर पाय आपले आपण धावतात आणि डोकं मोकळं असतं. मी महिन्याच्या खर्चाचे हिशेब, दोन भांडणं आणि एका लग्नातली भाषणं धावताना तयार केलेली आहेत. डोंगरात प्रत्येक पावलाला एक निर्णय असतो. हा दगड की तो, मूळ की माती, कोरडं की निसरडं. पाच तासांत मी हजारो निर्णय घेतले आणि त्यांतला एकही आता आठवत नाही. माथ्यावर पोचले तेव्हा पाणी देणारा मुलगा म्हणाला, "काय दिसतंय ना इथून!" मी मान वर करून अगदी नाइलाजाने एक मिनिटभर बघितलं. दुरून डोंगर साजरे ही म्हण ज्याने केली तो नक्की एकदा जवळ जाऊन आला असणार.

पण माथा आला म्हणजे झालं, असं मला वाटत होतं. चढावर गेलेला वेळ उतारावर परत मिळणार. कर्ज दिलं, वसूल करू.

इटलीच्या आल्बेर्तो मिनेत्ती यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली डोंगरात धावणाऱ्यांनाच ट्रेडमिलवर चढवून-उतरवून मोजमाप प्रसिद्ध केलं. उतार २० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना वीस मीटर खाली, असतो तिथे धावणं सर्वांत स्वस्त पडतं. त्याहून उभा झाला की पुन्हा महाग होत जातं, कारण शक्ती पुढे जायला नाही, स्वतःला अडवायला खर्च होते. आणि हे अडवण्याचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येतं. चढताना ते आखडून जोर लावतात, ते त्यांच्या अंगवळणी असतं. उतरताना मात्र ओढ लागलेली असताना लांबत जायचं आणि लांबता लांबता धरूनही ठेवायचं, असं दुहेरी काम. दोरीखेचीत हरत असलेल्या बाजूसारखं. प्रत्येक पावलाला.

ज्यांना उतरता येतं ते फार अडवत नाहीत. बारीक, झटपट पावलं टाकतात, हात पंखासारखे पसरतात आणि घसाऱ्यावरून दगडांबरोबर स्वतःही थोडे घरंगळतात. मी मात्र टाचा रोवून, मागे रेलून, जिना उतरणाऱ्या लहान मुलासारखी उतरत होते. मागे रेललं की पाय आणखी घसरतो, हे कुणी सांगायची गरज पडली नाही, मी बसलेच. तळहात सोलपटला, बाकी अभिमान तेवढा दुखावला. तेवढ्यात काका काठ्या बगलेत मारून बाजूने निघून गेले, इतक्या हलक्या पायांनी, की दोन तासांपूर्वी मला आलेली दया मला परत घ्यावीशी वाटली.

उठून शंभरेक पावलं गेले आणि डाव्या पायात काहीतरी सैल वाटलं. खाली बघितलं. लेस सुटली होती. खरीखुरी. काका थांबले होते तेव्हा मी फक्त उजव्या बुटाला दुहेरी गाठ मारली होती. मी बांधायला वाकले, बांधली, आणि मग उठता येईना. मांड्यांनी सरळ नकार दिला. इतक्या वर्षांचं खोटं वाकणं एका खऱ्या वाकण्यात वसूल झालं. शेवटी एका झाडाला धरून मी उभी राहिले, आणि पुढचा उतार चालत उतरले. चालणंही धड नव्हतं ते.

पाच तास १२ मिनिटं. काका तोवर कपडे बदलून, बूट उन्हात ठेवून बसले होते. त्यांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं.

हे दुखणं उतारावर होतं तेव्हा होत नाही. दुसऱ्या दिवशी कळायला लागतं आणि त्यानंतरच्या दिवशी कळस गाठतं. तिसऱ्या दिवशी मी कठडा धरून जिना उलटी उतरत होते. पाठमोरं उतरलं की मांडीला ते अडवण्याचं काम कमी पडतं. हे ज्ञान कुणी शिकवलेलं नाही, गरजेतून आलं. एकच दिलासा वाचायला मिळाला. स्नायू अशी एक शिक्षा भोगले की पुढचे काही आठवडे तशाच उतारावर पुष्कळ कमी दुखतात. यावरून पुढच्या शर्यतीचा फॉर्म त्या आठवड्यांतच भरावा असा निष्कर्ष कुणी काढला, तर तो माझा नाही.

जिन्याच्या मधल्या पायरीवर मी उलटी उभी असताना फोन वाजला. आमच्या धावण्याच्या ग्रुपमधल्या मैत्रिणीने माझी रविवारची नोंद बघितली होती. सरासरी पेस १२:२९. तिने लिहिलं होतं, "घड्याळ बंद करायला विसरलीस वाटतं."

उत्तर तयार होतं. 'हो गं, विसरलेच.' मी ते टाइपही केलं. मग पुसलं. एका हाताने कठडा सोडून दुसरं लिहायला जरा वेळ लागला.

"नाही. चालले."