त्याच्या बोलण्यावर हसले तेव्हा

२०१६ ला मी कंपनीच्या कामासाठी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात होतो, कोलंबसला. पारोळ्याकडचा कापूसवाल्याचा पोरगा थेट तिकडे. ऑफिसात एसी-हीटरचं बघणारा पन्नाशीचा एक माणूस होता, ओहायो नदीकडच्या डोंगराळ भागातला, हेल काढून शब्द लांबवत बोलायचा, सुरवातीला मला त्याची इंग्रजी कळायचीच नाही. तो शिडी घेऊन बाहेर गेला की टीममधले दोघंतिघं त्याची नक्कल करायचे न बाकीचे हसायचे. माझ्या पोटात खड्डा पडायचा. पुण्याला होस्टेलात पहिल्याच आठवड्यात मी फोनवर भावाला आमच्या अहिराणीत "काय करी ऱ्हायना" म्हटलं होतं, पुढं वर्षभर पोरं मला त्याच वाक्यानं हाक मारायची. मी मग फोन घेऊन गच्चीवर जायला लागलो.

त्या माणसाचा सासरा यंगस्टाऊनला स्टील मिलमध्ये होता. १९ सप्टेंबर १९७७, सोमवार, त्या दिवशी तिथली कॅम्पबेल वर्क्स बंद करायचं जाहीर झालं आणि पाच हजारांच्या आसपास लोकांचं काम गेलं, तिकडे त्याला अजून ब्लॅक मंडे म्हणतात. तो हे सांगत होता न मला जळगावची खानदेश मिल आठवत होती, माझे मोठे काका तिथं होते, आता तिथं मॉल आहे. पुढं २००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत (डब्ल्यूटीओ) आला आणि २००० ते २०१० मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांमधल्या नोकऱ्या पावणेदोन कोटींच्या जवळून सव्वा कोटीच्याही खाली आल्या. ज्यांनी हे असले व्यापाराचे करार चांगले म्हणून सांगितले त्यांची पोरं मोठ्या कॉलेजात होती, त्यांचं काहीच गेलं नाही.

आणि वरून बोलणी. २००८ ला ओबामा सॅन फ्रान्सिस्कोत देणगीदारांपुढं म्हणाले की नोकऱ्या गेलेल्या गावांतले लोक कडवट होऊन बंदुकीला न धर्माला चिकटतात. २०१६ ला ट्रम्पच्या विरोधात उभ्या असलेल्या हिलरी क्लिंटन न्यूयॉर्कला, परत देणगीदारांपुढंच, ट्रम्पच्या निम्म्या समर्थकांना "डिप्लोरेबल", म्हणजे धिक्कार करावा असले, म्हणाल्या. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय ते त्या हॉलमध्ये नसतातच, मला हेच जास्त लागतं.

तिकडे वर्णद्वेष नाही असं मी म्हणत नाही, मी स्वतः सोसलाय. पण याच ओहायोनं २००८ न २०१२ ला ओबामांना निवडलं होतं, मग २०१६ ला ट्रम्पला. त्या सगळ्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ट्रम्प स्वतः न्यूयॉर्कचा श्रीमंत माणूस, तरी माझा तो दोस्त म्हणायचा, निदान तो आमच्याकडे येऊन आमच्याशी बोलतो. पैसा गेला तर माणूस कसंही निभावतो हो, पण तुझी बोलीच चुकीची म्हटलं की ते आत जाऊन बसतं.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. पुतणीला पुण्याला ॲडमिशन मिळालीय, वहिनी बॅग भरता भरता तिला सांगत होती की तिथं अहिराणी बोलू नको, लोकं हसतील. मी म्हटलं वहिनी, असं नका सांगू तिला. पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, मंग मी तठे कशी बोलू?"

मी तिला गच्चीची गोष्ट सांगितली.