तिकडे निकाल पटापट कसे लागतात?

पुण्याला आले की कुणी ना कुणी विचारतंच, "तुमच्या अमेरिकेत निकाल कसे पटापट लागतात? इथं तारखांवर तारखा, आणि तिकडे आरोपी काही महिन्यांत आत!" या वेळी तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते. दिवाणी दाव्यांची गोष्ट निराळी. मी फक्त फौजदारी प्रकरणांबद्दल बोलतेय.

निकाल लवकर लागतात, कारण बहुतेक खटले चालतच नाहीत. बारा सामान्य नागरिकांची ज्युरी, उलटतपासणी, वकिलांची शेवटची भाषणं हे सगळं होतं, पण फार थोड्या प्रकरणांत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ साली एका निकालपत्रात नोंदवलं की केंद्रीय न्यायालयांत ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांत ९४ टक्के दोषसिद्धी आरोपीने गुन्हा कबूल केल्यामुळे होते. मी न्यू जर्सीत राहते. ज्युरीसाठी मला बोलावणं आलं होतं, तेव्हा दुपारपर्यंत बसवून घेऊन आम्हाला घरी पाठवलं. प्रकरणं म्हणे मिटली. ती कशी मिटतात, हे मी तेव्हापासून वाचत आले आहे.

आरोपीवर कोणतं कलम लावायचं हे सरकारी वकील ठरवतो. एकाच कृत्यावर सौम्य कलमही बसतं आणि कडकही, आणि कडक कलमाला पुष्कळदा किमान शिक्षा कायद्यानेच ठरलेली असते. तिथे न्यायाधीशाचेही हात बांधलेले. मग सरकारी वकील प्रस्ताव ठेवतो: गुन्हा कबूल कर, सौम्य कलम लावतो. खटला लढवायचा असेल तर कडक कलम लागेल.

केंटकी राज्यातल्या पॉल हेजचं प्रकरण मी नेहमी सांगते. त्याच्यावर ८८ डॉलर ३० सेंटच्या खोट्या चेकचा आरोप होता. या गुन्ह्याला दोन ते दहा वर्षांची शिक्षा होती. सरकारी वकील म्हणाला, कबूल कर, मी पाच वर्षांची शिफारस करतो. नाहीतर सराईत गुन्हेगारांच्या कायद्याखाली नवा आरोप ठेवतो. हेजवर आधीचे दोन गुन्हे सिद्ध झालेले होते, त्यामुळे त्या कायद्याने थेट जन्मठेप होती. हेजने खटला मागितला, तो हरला आणि त्याला जन्मठेप झाली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की यात घटनेचा भंग नाही, कारण प्रस्ताव घ्यायचा की नाकारायचा हे आरोपीच्या हातात होतं. मला हा निकाल आजही पटत नाही. चेकसाठी पाच वर्षं पुरेशी आहेत असं सरकारलाच वाटत होतं, मग उरलेलं आयुष्य त्याने कशापायी द्यायचं? खटला मागितला म्हणून?

तडजोडीत वाईटच आहे असं मी म्हणत नाही. गुन्हा खरोखर केलेल्या माणसाला कमी शिक्षा मिळते, आणि अत्याचार सोसलेल्या बाईला भर कोर्टात सगळं पुन्हा सांगावं लागत नाही. पण पुढे निर्दोष ठरलेल्यांमध्ये आधी गुन्हा कबूल केलेले शेकडो लोक आहेत. न केलेला गुन्हा माणूस कबूल का करतो, याचं उत्तर बऱ्याचदा जामिनात असतं.

कलीफ ब्राउडर सोळा वर्षांचा होता. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात बॅग चोरल्याच्या आरोपावरून त्याला पकडलं. जामीन ३,००० डॉलर ठरला आणि घरच्यांना ती रक्कम उभी करता आली नाही. रायकर्स आयलंडच्या तुरुंगात तो तीन वर्षं होता, त्यातला बराच काळ एकांतकोठडीत. सरकारी पक्ष "आमची तयारी झालेली नाही" म्हणत राहिला, तारखा पडत राहिल्या. शेवटी तर किरकोळ गुन्हे कबूल केलेस की आजच घरी जा, इथवर गोष्ट आली. तो नाही म्हणाला, कारण त्याने चोरी केली नव्हती. २०१३ मध्ये आरोप मागे घेतले गेले आणि खटला झालाच नाही. २०१५ मध्ये त्याने आत्महत्या केली. तेव्हा तारखांवर तारखा तिकडेही आहेत, पण त्या जो वाकत नाही त्याच्या वाट्याला येतात.

कलीफच्या मृत्यूनंतर न्यूयॉर्कने कायदा बदलला. आता सरकारी वकिलाला हातातला पुरावा आरोपीच्या वकिलाला लवकर दाखवावा लागतो. आमच्या न्यू जर्सीत २०१७ पासून रोख जामीन जवळजवळ बंद झाला, इलिनॉयने २०२३ मध्ये तो पूर्णच काढून टाकला. मला यातून खरी आशा वाटते.

आपल्याकडे कबुलीच्या तडजोडीची तरतूद २००६ पासून आहे, पण ती फारशी वापरली जात नाही. आपल्या तुरुंगांत चारातले तीन जण कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले, असतात, त्यामुळे भारताची पद्धत बरी असंही मी म्हणणार नाही. कलीफसारखी मुलं येरवड्यातही असतील.

आणि आता तुमच्या कामाचं. भाचे, पुतणे तिकडे शिकायला येतात. नागरिक नसलेल्या माणसाने छोटासा गुन्हा कबूल केला, तरी त्यापायी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड जाऊ शकतं. चाळीस वर्षं तिथं राहिलेल्या, व्हिएतनाम युद्धात लढलेल्या एका माणसाला त्याच्या वकिलाने "काळजी करू नकोस" म्हणून कबुली द्यायला लावली आणि तो हद्दपारीच्या दारात उभा राहिला. त्याच्याच प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हा धोका सांगणं हे वकिलाचं कर्तव्य आहे. पैसे नसतील तर गंभीर आरोपात सरकार वकील देतं, हा हक्क १९६३ पासून आहे. पण त्या वकिलांवर प्रकरणांचा इतका भार असतो की पहिली भेट कोर्टाच्या बाकावर पाच-दहा मिनिटांची व्हायची. म्हणून मुलांना सांगून ठेवा: पकडलं तर वाद घालू नका, वकील मागा, तो येईपर्यंत गप्प राहा, आणि लवकर सुटका होतेय म्हणून कशावरही सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा.