पहिली वीस मिनिटं: जुन्या शेव्हीत नवा कॅमशाफ्ट

अमेरिकेतल्या घरगुती गॅरेजांत सगळ्यांत जास्त वेळा खोललं गेलेलं इंजिन कुठलं, तर बहुधा शेव्हर्लेचं ३५० क्युबिक इंची व्ही-८. याचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा (थोडक्यात कॅम; त्याचे उंचवटे म्हणजे लोब), हेडवर नसतो. सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या घळीखाली, क्रँकच्या बरोबर वर, तो ब्लॉकमध्येच आडवा बसलेला असतो. त्यावर सोळा टॅपेट, टॅपेटवर पुशरॉड, मग रॉकर आणि व्हॉल्व्ह. ॲम्बेसेडर किंवा बुलेट खोलून पाहिलेल्या माणसाला ही रचना परकी वाटणार नाही. टॅपेटला इकडे अमेरिकेत लिफ्टर म्हणतात. आपण टॅपेटच म्हणू.

हेड न उतरवता, इंजिन गाडीतच ठेवून, शनिवार-रविवारात कॅम बदलण्याचं हे काम होतं. पाने फिरवण्याचा भाग अवघड नाही. अवघड आहे तो नवा कॅम जगवण्याचा. इथे लिहिलेलं १९८७च्या आधीच्या, सपाट टॅपेटच्या इंजिनांबद्दल आहे. तळाला चाक असलेले रोलर टॅपेट असतील तर निम्मी काळजी आपोआप कमी होते.

आधी कॅमच गेलाय याची खात्री करा. एक्झॉस्टचा लोब झिजला की जळालेला वायू पूर्ण बाहेर पडत नाही, इनटेक उघडला की उलटा फिरतो आणि कार्बोरेटरमधून फट्-फट् आवाज येतो. हाच आवाज चुकलेल्या टायमिंगनेही येतो, म्हणून मोजून बघा. रॉकर कव्हर काढा, रॉकरचा नट सैल करून रॉकर बाजूला सरकवा, पुशरॉडच्या टोकावर डायल गेज (उचल मोजणारं काट्याचं मापक) लावा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. ३५०मध्ये सर्रास आढळणाऱ्या एका कंपनी-कॅमचा लोब इनटेकला ०.२६० आणि एक्झॉस्टला ०.२७३ इंच उचल देतो, १.५ पट रॉकरमुळे व्हॉल्व्हवर ती ०.३९० आणि ०.४१० होते. तुमचा कॅम कुठला हे माहीत नसेल तरी बिघडत नाही. आठ इनटेक एकमेकांशी आणि आठ एक्झॉस्ट एकमेकांशी ताडून बघा, मेलेला लोब लगेच वेगळा पडतो.

लोब सपाट झाला असेल तर ते लोखंड गेलं कुठे, हा प्रश्न टाळू नका. ते ऑइलमधून सगळीकडे फिरलंय. जुना फिल्टर कापून घड्या उलगडा. चमचमता चुरा दिसला तर ऑइल पॅन उतरवून मेन बेअरिंग बघितल्याशिवाय नवा कॅम घालण्यात अर्थ नाही.

खोलताना बॅटरीची तार काढा. मग कूलंट पूर्ण काढा, रेडिएटरचं आणि ब्लॉकच्या दोन्ही बाजूंच्या प्लगांमधूनही. नाहीतर मॅनिफोल्ड उचलल्याक्षणी उरलेलं पाणी घळीत आणि तिथून ऑइलमध्ये जातं. रेडिएटर, पंखा, वॉटर पंप निघाले की एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागी) आणा, डिस्ट्रिब्युटरच्या रोटरचं तोंड कुठे आहे त्याची खूण करा, फोटो काढा, मगच डिस्ट्रिब्युटर उपसा.

क्रँकच्या पुढच्या टोकावरचा बॅलन्सर (कंपनं शोषणारं चाक) काढायला कडेला पकडणारा तीन पायांचा पुलर अजिबात वापरू नका. बॅलन्सरचं बाहेरचं कडं आतल्या हबला फक्त रबराने धरलेलं असतं. कडं ओढलं की रबर सुटतं आणि त्यावरची टायमिंगची खूण जागा सोडते. हबमधल्या तीन आट्यांत बोल्ट घालून ओढणारा पुलर हवा. बसवतानाही हातोडा नाही, स्क्रूने आत ओढणारं हत्यारच. ही दोन्ही हत्यारं इथल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत अनामत ठेवून वापरायला मिळतात.

इनटेक मॅनिफोल्डचे बारा बोल्ट काढा, रॉकर आणि पुशरॉड काढून पुठ्ठ्यात भोकं पाडून क्रमाने खोचा. टॅपेट वर येत नसतील तर पकडीने पिळू नका. आतल्या बाजूला चिकट मळी साचलेली असते. कार्ब क्लीनर मारून थोडा वेळ द्या आणि वर-खाली हलवत काढा. तळ पसरलेले टॅपेट मात्र वरून येतच नाहीत. ते वर उचलून धरायचे, कॅम बाहेर घ्यायचा आणि पॅन उतरवून खालून काढायचे.

फ्युएल पंप काढला तरी त्याचा रॉड आत कॅमला टेकून राहतो, तो हमखास विसरला जातो. तोही काढा, नाहीतर कॅम अडतो आणि लोक जोर लावायला लागतात. चेन आणि कॅमचा गिअर उतरवल्यावर कॅमच्या तोंडाशी ५/१६ इंची लांब बोल्ट घाला. ते झाले हँडल. दोन्ही हातांनी तोलून, हळूहळू फिरवत, सरळ रेषेत बाहेर घ्या. कॅम बेअरिंगचं आतलं अस्तर मऊ असतं, लोबच्या कडेने सहज ओरखडतं. समोर सुमारे दोन फूट मोकळी जागा लागते. काही गाड्यांत त्यासाठी ग्रिल उतरवावी लागते.

नव्या कॅमसोबत नवे टॅपेट. इथे पैसे वाचवायचा विचार आला तर काम तिथेच थांबवा. ‘सपाट’ टॅपेटचा तळ खरं तर सपाट नसतो, किंचित फुगीर असतो आणि लोब किंचित उतरता घासलेला असतो. त्या तिरपेपणामुळे टॅपेट चालताना स्वतःभोवती गरगरतो, झीज एका जागी होत नाही. जुना टॅपेट जुन्या लोबच्या आकाराचा झालेला असतो. नव्या लोबवर तो फिरत नाही, घासतो. म्हणूनच प्रत्येक नवा टॅपेट कोरडाच त्याच्या भोकात सोडून बघा. स्वतःच्या वजनाने खाली गेला पाहिजे आणि बोटाने सहज फिरला पाहिजे. अडला तर भोक साफ करा.

कॅमच्या पाच जर्नलना (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागांना) साधं ऑइल, सोळाही लोबना आणि टॅपेटच्या तळांना मॉलिब्डेनमची काळी पेस्ट, हात आखडता न घेता. टॅपेटच्या अंगाला ही पेस्ट नको, तिथे ऑइल.

गिअर बसवताना कॅमच्या गिअरवरचा ठिपका खाली आणि क्रँकच्या गिअरवरचा वर, असे समोरासमोर येतात. तीन बोल्ट २० फूट-पौंड, म्हणजे २७ न्यूटन-मीटर, आट्यांना लॉकिंग द्रव लावून. आता सगळ्यात प्रसिद्ध चूक: ठिपके समोरासमोर असतात तेव्हा कॉम्प्रेशनवर असतो सहा नंबर, एक नंबर नव्हे. याच स्थितीत रोटर एक नंबरकडे करून डिस्ट्रिब्युटर घातला की तो बरोबर अर्धा फेरा उलटा बसतो. क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा, मग एक नंबर कॉम्प्रेशनवर येतो. फायरिंगचा क्रम १-८-४-३-६-५-७-२, रोटर घड्याळाच्या दिशेने.

व्हॉल्व्ह सेटिंग एकेका सिलिंडरचं करा. एक्झॉस्ट उघडायला लागला की त्याचा इनटेक सेट करायचा. इनटेक उघडून जवळजवळ मिटत आला की एक्झॉस्ट. पुशरॉड बोटांत फिरवून अंदाज घेऊ नका. हायड्रॉलिक टॅपेटच्या आतली स्प्रिंग मऊ असते आणि रॉड फिरायचा थांबेपर्यंत नट जास्त घट्ट झालेला असतो. रॉड वर-खाली हलवा; खुळखुळ संपली तिथे शून्य. तिथून पुढे अर्धा फेरा.

मॅनिफोल्डच्या पुढच्या-मागच्या भिंतींवर गॅस्केट सेटमधल्या कॉर्कच्या पट्ट्या फेकून द्या, त्या सरकतातच. सहा मिलिमीटर जाड सिलिकॉनचा सलग पट्टा द्या. बोल्ट ३० फूट-पौंड, मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत.

आता नव्या कॅमवर इंजिन पहिल्यांदा चालवायच्या त्या वीस मिनिटांची तयारी. लोबना पंपाचं ऑइल थेट मिळत नाही, क्रँक जे उडवतो त्यावर ते जगतात. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन मंद चालताना, क्रँक फारसं उडवत नाही आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा दाब मात्र तेव्हाच लोबच्या टोकावर सर्वांत जास्त बसतो. म्हणून नवा कॅम आयडलवर कधीही सोडायचा नाही, आणि इंजिन लागत नाही म्हणून स्टार्टर खरवडत राहणं तर त्याहून वाईट.

तेव्हा सगळं आधीच तयार ठेवा. ब्रेक-इनचं, जस्त-फॉस्फरस जास्त असलेलं ऑइल भरा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचावा म्हणून २००४च्या एपीआय एसएम या ऑइलच्या दर्जापासून १०डब्ल्यू-३०सारख्या ऑइलांत फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. सपाट टॅपेटला तेवढ्यावर भागत नाही. डिस्ट्रिब्युटर बाहेर असतानाच ड्रिलने ऑइल पंप घड्याळाच्या दिशेने फिरवून दोन्ही बाजूंच्या रॉकरपर्यंत ऑइल आणा. नुसती दांडी घातली तर उजव्या बाजूला ऑइल नीट पोचत नाही, कारण तिकडचा मार्ग डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीमुळे पूर्ण होतो. गिअर काढून टाकलेला जुना डिस्ट्रिब्युटर यासाठी उत्तम. कार्बोरेटरची वाटी पेट्रोलने भरा, कूलंट भरा, टायमिंग ८-१० अंश आधी लावा. व्हॉल्व्हला दुहेरी स्प्रिंग असतील तर आतल्या काढून ठेवा. गाडी दाराबाहेर, मोकळ्या हवेत; बंद गॅरेजात कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

इंजिन लागलं की लगेच २००० आरपीएम, आणि २० ते ३० मिनिटं २००० ते २५०० दरम्यान सावकाश वर-खाली करत राहा. ऑइल किंवा पाणी गळताना दिसलं तर बंद करा, दुरुस्त करा आणि पुन्हा लावल्यावर थेट २०००वर न्या, उरलेली मिनिटं पुरी करा. एक रॉकर कव्हर उघडं ठेवायची हिंमत असेल तर पुशरॉड फिरताना दिसतात. न फिरणारा पुशरॉड दिसला तर तिथेच इंजिन बंद.

मग गरम असतानाच ऑइल आणि फिल्टर बदला. फिल्टर कापा. पेस्टमुळे आलेला राखाडी काळपट थर चालेल, बोटाला टोचणारा चुरा नाही. पुढचं ऑइल ५०० मैलांवर.