विकतची माती टाकली की लगेच रोपं लावू नका

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, कुठंही नवीन घर बांधलं की अंगणात उरतो तो मुरूम, खडी आणि सिमेंटचा राडा, मग वाफे करायला माती विकत आणावीच लागते. मे महिन्यात मातीच्या ट्रॉल्या सुरू होतात आणि मृगाच्या आत रोपं लावायची सगळ्यांना घाई. माझं कळकळीचं सांगणं एवढंच की माती आली त्याच दिवशी लावायला बसू नका.

आधी हिशोब. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. १० बाय ४ चा वाफा एक फूट भरायचा तर ४० घनफूट लागते, म्हणजे एका ब्रासमध्ये असे दोन वाफे होतात आणि थोडी उरते. ती उरलेली ठेवून द्या, पाणी मारल्यावर माती खाली बसतेच.

आता माती कुठली. ट्रॉलीवाले मामा नेहमी म्हणणार, "मळ्याची हाय, एक नंबर." आपण मूठभर ओली करून वळून बघायची. बारीक लांब वळी न तुटता झाली तर ती चिकट काळी आहे. ज्वारीला ती सोन्यासारखी, मंगळवेढ्याची ज्वारी अशाच जमिनीवर होते, पण अंगणातल्या वाफ्यात नुसती तीच भरली तर पावसात पाणी धरून मुळं कुजतात आणि उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तलावातल्या गाळाचंही तसंच, कसदार असतो पण घट्ट बसतो. अशा मातीत चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर मिसळायचं, निदान तिसरा हिस्सा. ओलं शेण नको, त्यातनं हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. पांढरे खडे दिसले तर त्यावर थोडं व्हिनेगर टाकून बघा, फसफसलं तर चुनखडी आहे, आणि अशा मातीत गुलाब, जास्वंदाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही.

पण सगळ्यात जास्त जीव खातं ते लव्हाळा नावाचं तण. ढेकूळ फोडून बघा, आत काळपट, केसाळ, शेंगदाण्याएवढी गाठ सापडेल, नखानं मोडली तर उग्र वास येतो. ही एक गाठ राहिली तरी पावसाळ्यात अख्खा वाफा भरून टाकते, आणि वरनं उपटलं तर गाठ खालीच राहते. म्हणून माती पसरून हातानं ढेकळं फोडायची, गाठी आणि हराळीच्या काड्या वेचायच्या, वेचलेलं कंपोस्टात अजिबात टाकायचं नाही. मग भरपूर पाणी मारून पारदर्शक प्लास्टिक (काळं नको) घट्ट अंथरायचं, कडा मातीनं दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे ठेवायचं. सोलापूरचं ऊन आपल्याला नकोसं होतं पण इथं तेच कामाला येतं, गाजर गवताचं बी आणि बरीचशी बुरशी त्यात मरते. लव्हाळ्याच्या गाठी मात्र उन्हानं सगळ्या मरत नाहीत, त्या वेचाव्याच लागतात. वेळ कमी असेल तर नुसतं पाणी मारून दोनदा तण उगवू द्या आणि कोवळं असतानाच खुरपून काढा.

आणि एक गोष्ट लोक हमखास सोडतात, ती म्हणजे खालची जमीन. दाबलेल्या मुरमावर नुसती माती ओतली तर पाणी त्या जोडावरच अडतं आणि मुळंही तिथनंच वळतात. आधी टिकावानं वीतभर खणून सिमेंटचे गोळे काढायचे, मग थोडी नवी माती त्यात मिसळायची आणि उरलेली वर टाकायची. मुरमाला नावं ठेवू नका हं, आपल्या भागातली डाळिंबं हलक्या मुरमाड जमिनीतच चांगली येतात, त्यामुळं डाळिंब लावायचं असेल तर एवढी माती विकत घ्यायची गरजच नाही.

प्लास्टिक काढल्यावर खोल उकरू नका, खालचं बी परत वर येतं. पहिल्यांदा मेथी नाहीतर चुका टाका. ती कशी उगवते त्यावरनं माती कळते, वांगी, मिरचीची रोपं त्यानंतर.