भत्ता भरला नव्हता, पण प्रतिवादी हजर होता

दुपारी अप्पांचा फोन आला. "आपला दावा काढून टाकला गं पोरी. मी तिथंच होतो की."

बीड जिल्ह्यातल्या आमच्या रानात शेजाऱ्याने बांध कोरत कोरत आत सरकवला होता. भूमी अभिलेखच्या मोजणीत सहा गुंठे त्याच्याकडे निघाले, म्हणून ताब्याचा दावा लावला. पहिल्याच तारखेला तो संपला. सोयाबीन काढणी अर्धी टाकून अप्पा कोर्टात गेले होते आणि पुकारा झाल्यावर उभेही राहिले होते. वकीलसाहेब मात्र दुसऱ्या कोर्टात अडकलेले.

मी लातूरला शाळेत शिकवते. रजा टाकून तालुक्याला गेले, नकलेचा अर्ज दिला. रोजनाम्याची, म्हणजे कोर्टात त्या दिवशी काय झालं त्या नोंदीची, नक्कल हातात पडली तेव्हा कळलं, की समन्स पोचवणाऱ्या बेलिफचा भत्ता आमच्या बाजूने भरलाच गेला नव्हता. चूक आमचीच होती. म्हणून समन्स निघालं नाही आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 9 नियम 2 खाली दावा फेटाळला. कोणी अर्ज केला नव्हता, कोर्टाने आपणहून हुकूम केला होता.

अप्पा म्हणाले, "न्यायाधीशानंच काढलं म्हणल्यावर आपुन काय बोलायचं?"

पण त्याच रोजनाम्यात वरच्या ओळीत लिहिलं होतं: वादी हजर, प्रतिवादी जातीने हजर. गावात दावा लागल्याची बातमी समन्सच्या आधी पोचते. शेजारी ती ऐकूनच वकील घेऊन आला होता. आणि त्याच नियम 2 ला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुरवणी, आहे: भत्ता भरला नसला तरी त्या दिवशी प्रतिवादी स्वतः हजर असेल, तर असा हुकूम करता येत नाही. समन्स प्रतिवादीला बोलावण्यासाठी असतं. तो आलाच असेल, तर भत्त्यापायी दावा मारायचा कशाला? ते परंतुक मी तीनदा वाचलं आणि वकीलसाहेबांपुढे बोट ठेवून दाखवलं.

त्या रात्री मी बाकीचंही वाचत बसले. मुदतीबाहेरचा दावा असेल, तर प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी कोर्टाने तो फेटाळायचाच असतो. मुदत अधिनियम, 1963 चं कलम 3 तसंच सांगतं. तिथे आपणहून करणं हे कर्तव्यच आहे. पण कोर्ट फीचा स्टॅम्प कमी असेल, तर आधी भरायला मुदत द्यावी लागते, ती पाळली नाही तरच वादपत्र नाकारायचं. पक्षकार कमी-जास्त जोडले एवढ्यावरून दावा पाडता येत नाही. त्याला अपवाद फक्त आवश्यक पक्षकार सुटला असेल तर. वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर असेल तर नियम 8 खाली दावा फेटाळला जातो, पण आमच्याकडे वादी बाकड्यावरून उठून आत गेला होता. अधिकार प्रत्येक ठिकाणी आहे, आणि त्याचं कुंपणही प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं आहे.

नव्याने दावा लावायचा रस्ता कायद्याने उघडा असतो, पण पुन्हा स्टॅम्प आणि पुन्हा पहिल्यापासून वाट पाहणं अप्पांना झेपणार नव्हतं. आम्ही नियम 4 खाली पुनर्स्थापनेचा, म्हणजे फेटाळलेला दावा पुन्हा चालू करण्याचा, अर्ज निवडला. त्याला हुकुमाच्या तारखेपासून 30 दिवस असतात. आमचा अर्ज 19 व्या दिवशी गेला, अप्पांच्या शपथपत्रासह, आणि भत्ता त्याच दिवशी भरला. वकीलसाहेबांनी 1955 चा संग्राम सिंग निकाल जोडला. प्रक्रिया न्याय पुढे न्यायला असते, शिक्षा करायला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलंय.

शेजाऱ्याच्या वकिलाने म्हणणं दिलं, की निष्काळजीपणा वादीचाच. न्यायाधीशांनी रोजनामा मागवला, ती ओळ वाचली आणि प्रतिवादीच्या वकिलांना एवढंच विचारलं, "तुमचे अशील त्या दिवशी हजर होते ना?"

"होते साहेब."

दावा मूळ नंबरवर परत आला. पुढच्या तारखेला अप्पा सकाळी आठच्या एसटीने निघाले. भत्त्याची पावती त्यांनी घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली होती. वकीलसाहेब येईपर्यंत ते कोर्टाच्या दाराशीच उभे राहिले.