विकतचं दुखणं आणि चार हसरे चेहरे

आमच्या इंदुरातल्या खानावळीत गल्ल्यामागच्या भिंतीवर दोन कागद लावलेत. पहिला एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नोंदणीचा, चौदा आकडी नंबरवाला. तो नसेल तर धंदा करता येत नाही, २००६चा कायदाच तसा आहे. दुसऱ्यावर चार हसरे चेहरे आहेत. तो नसता तरी कुणी काही विचारलं नसतं. भंवरकुआच्या क्लासेसना जाणारी जी मुलं आमच्याकडे जेवतात, त्यांना दोन्ही एकच वाटतात. ती बिचारी भाजी कोणती एवढंच विचारतात.

हा दुसरा कागद हायजीन रेटिंगचा. हॉटेल असो, मिठाईचं दुकान असो, बेकरी असो, ज्याला हवं त्याने स्वतःहून अर्ज करायचा. आधी आपणच आपली तपासणी करून फॉर्म भरायचा. मग एफएसएसएआयच्या यादीतल्या एखाद्या ऑडिट संस्थेचा माणूस येतो, स्वयंपाकघर बघतो आणि एक ते पाच चेहरे देतो. फी आपल्या खिशातून.

"वहिनी, हे विकतचं दुखणं कशाला?" आमच्या दिरांनी लगेच विचारलं. "आपलं स्वयंपाकघर समोर उघडं आहे, हातच्या काकणाला आरसा कशाला हवा? आणि इंदूर तर २०१७पासून स्वच्छतेत देशात पहिलंच येतंय."

इंदूर पहिलं येतं याचा मलाही अभिमान आहे. पण तो नंबर रस्त्यांचा आणि कचऱ्याच्या गाड्यांचा. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही म्हणून फ्रिजमधल्या डब्यांची ग्वाही कोण देणार? खरं सांगायचं तर मला चेहऱ्यांपेक्षा त्यामागची यादी हवी होती. एफएसएसएआयच्या नियमावलीतल्या शेड्यूल चारमध्ये खानावळी आणि हॉटेलांसाठी वेगळा भाग आहे. पाणी, नाल्या, उंदीर-झुरळं, कामगारांची दरवर्षीची वैद्यकीय तपासणी, सगळं त्यात आहे. आमच्या स्वयंपाकघरात कुणाला काही सांगायचं तर मी सांगितलं की सासुरवास होतो, कागदाने सांगितलं की नियम होतो.

त्याच निमित्ताने मी फोस्टॅकचं, म्हणजे एफएसएसएआयचंच अन्नसुरक्षेचं, प्रशिक्षण घेतलं. दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित माणूस हवा असा दंडक आहे. आमच्याकडे तेवढी माणसं कुठली, पण एक तरी हवाच. तिथे ऐकलेल्यातली एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही, ती फोडणीच्या भाताची. रात्रीचा उरलेला भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी कांदा-मिरची घालून परतायचा, हे मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही. पण बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू मुळात तांदळातच असू शकतात आणि भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष फोडणीच्या कढईलाही दाद देत नाही. "चांगला खरपूस परतलाय, काही होत नाही," असं म्हणण्यात मग काही अर्थ उरत नाही. फोडणीचा भात बंद करणं शक्यच नव्हतं, मुलांनी उठाव केला असता. आता रात्री उरलेला भात परातीत पातळ पसरतो, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये ठेवतो. थंड पदार्थ पाच अंशांच्या खाली आणि गरम पदार्थ साठच्या वर, मधल्या पट्ट्यात काही रेंगाळू द्यायचं नाही.

यासाठी सुई खुपसायचा थर्मामीटर घेतला आणि मला तो दिसेल तिथे खुपसायचा नाद लागला. कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या ठेल्यावरही खुपसून झाला. बाहेरच्यांसाठी सांगते, इंदुरी पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर, वाफेवर ठेवलेले असतात. काटा साठच्या बराच वर गेला. ठेलेवाले भिया म्हणाले, "इसमें देखना क्या, ठंडा पोहा कौन खाएगा!" नियमातला आकडा ठाऊक नसताना पोहेवाल्यांनी तो पाळला आहे याचं मला फार कौतुक वाटलं. मग त्यांनी तेच वाफाळते पोहे वर्तमानपत्राच्या तुकड्यावर घातले, शेव आणि जीरावनचा मसाला भुरभुरला आणि माझ्या हातात दिले. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ द्यायला २०१८च्या पॅकेजिंग नियमांनी बंदी आहे, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. मी बशी मागितली. भियांना ते आवडलं नाही.

तेलाचंही तसंच. तळून तळून तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडल्याची खूण असलेले घटक, वाढतात, ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल अन्नाला वापरायचं नाही. आमचं तळण सणावारापुरतं, त्यामुळे यात फार बोलत नाही.

ऑडिटला खरा पेच पडला बांगड्यांचा. हातात अंगठी, घड्याळ, बांगडी नको, असं यादीत आहे. कारण रास्तच आहे, काचेचा तुकडा कणकेत गेला तर? पण आमच्या पोळ्यांच्या मावशी म्हणाल्या, "नवरा जिवंत असताना हात रिकामे ठेवू होय? दुसरी बाई बघा." आणि त्यांच्यासारख्या मऊ पोळ्या आख्ख्या सुदामा नगरात कुणी लाटत नाही. जाऊबाईंनी तोड काढली. जाड सुती बाह्या शिवल्या, मनगटाशी घट्ट इलॅस्टिकच्या. काचेच्या बांगड्या काढून मावशींनी त्यात आपल्या दोन पाटल्या ठेवल्या. ऑडिटला आलेले गृहस्थ बाहीकडे बघत राहिले, दाबून पाहिली आणि पुढे गेले.

दिरांचा एक मुद्दा मात्र मला खोडता आलेला नाही. ते म्हणतात, ज्याचं स्वयंपाकघर आधीच बरं असतं तोच असल्या तपासणीला पुढे होतो. माझा भाचा ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या कार्डिफला असतो. तिथे प्रत्येक खाण्याच्या दुकानाला शून्य ते पाच गुण मिळतात आणि वेल्समध्ये नोव्हेंबर २०१३पासून ते दारावर लावणं सक्तीचं आहे. शेजारच्या इंग्लंडमध्ये लावणं मर्जीवर. मग साहजिकच पाचवाला ऐटीत लावतो आणि दोनवाला तिथे आइस्क्रीमचं पोस्टर लावतो. आपल्याकडे तर तपासून घेणंच मर्जीवर आहे, त्यामुळे दोनवाला कोण हे कळायचा मार्गच नाही. माझं मत विचाराल तर तपासणी सगळ्यांची व्हावी आणि निकाल दारावर लागावा. निदान इंदुरात तरी हे अवघड जाऊ नये. आपल्या छप्पन दुकान आणि सराफा या खाऊगल्ल्यांना एफएसएसएआयचं क्लीन स्ट्रीट फूड हबचं प्रमाणपत्र मिळालंच आहे. सराफ्यात दिवसा सोनं विकलं जातं आणि रात्री त्याच दुकानांसमोर भुट्ट्याचा कीस आणि तळलेला गराडू कंद. तिथे आख्खा बाजार मिळून तपासणीला उभा राहू शकतो, तर मोठ्या एसी हॉटेलांना कसली अडचण?

आम्हाला चारच चेहरे का, हे विचारणारे फक्त दीर. पाचवा गेला हात धुण्याच्या बेसिनपायी. कामगारांचे हात आणि भाजी एकाच ठिकाणी धुवायची नाही, वेगळं बेसिन हवं. जागा भाड्याची, म्हणजे नळ काढायला घरमालकांची परवानगी. बेसिन कधीच आणलंय, खोक्यासकट जिन्याखाली पडून आहे. घरमालक हो म्हणालेत, पण त्यांच्या मते पितृपक्षात भिंत फोडणं बरं नाही, घटस्थापना होऊ दे.