पॅच पाठवायच्या आधी चेकपॅच चालवा, पण त्याचं सगळंच ऐकू नका

लिनक्स कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पहिला पॅच (कोडमधला बदल) पाठवणारी पोरं सगळी ताकद कोडवर लावतात आणि मग पहिला रिप्लाय येतो तो ओळीच्या शेवटी राहिलेल्या स्पेसबद्दल. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण रिव्ह्यू करणारा माणूस स्वतःचा वेळ काढून वाचत असतो आणि तो वेळ लॉकिंग बरोबर आहे का, एरर आली तर मेमरी फ्री होते का हे बघण्यात जायला हवा, टॅब आहे की स्पेस यात नाही.

पॅचमधल्या अशाच चुका शोधणारी चेकपॅच ही पर्ल स्क्रिप्ट 2007 पासून कर्नलच्या सोर्समध्येच आहे, स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या फॉरमॅट-पॅच कमांडने पॅचची फाईल काढा, ती या स्क्रिप्टला द्या, झालं. एरर, वॉर्निंग आणि चेक असे तीन प्रकारचे मेसेज येतात, त्यातले चेकवाले एरवी स्ट्रिक्ट ऑप्शन दिला तरच दिसतात, मी तो कायम देते. आणि ती फक्त कोड बघत नाही बरं का, साइन्ड-ऑफ-बाय (पाठवणाऱ्याच्या सहीची ओळ) राहिलंय, कुठल्या जुन्या बदलातली चूक सुधारली ते सांगणाऱ्या फिक्सेसच्या ओळीत कमिटचा हॅश, म्हणजे त्या बदलाचा आयडी, 12 अक्षरांपेक्षा कमी आहे, पॅचच्या मेसेजमधली ओळ 75 अक्षरांच्या पुढे गेलीये, स्पेलिंग चुकलंय, हे पण सांगते. एकामागून एक पॅचेसची सिरीज असेल तर प्रत्येक पॅचवर वेगळी चालवा, गिट रिबेसला एक्झेक ऑप्शन देऊन ती दर कमिटनंतर आपोआप चालते, नाहीतर काय होतं की तिसऱ्या पॅचमधली घाण पाचव्यात साफ केलेली असते आणि ते कुणालाच आवडत नाही.

आता दुसरी बाजू. ही स्क्रिप्ट रेजेक्सवर, म्हणजे मजकुराचे पॅटर्न जुळवून, चालते, तिला सी भाषा पूर्ण कळत नाही. स्ट्रक्चरची फील्ड्स डिक्लेअर करणारा मॅक्रो असेल तरी ती म्हणू शकते कंस घाला, आणि घातले तर कोड कंपाईलच होणार नाही. ओळीच्या लांबीचंही तसंच, 2020 मध्ये वॉर्निंगची मर्यादा 80 वरून 100 वर नेली, स्टाईल गाईडमध्ये पसंती अजून 80 लाच आहे, पण म्हणून वाचायला सरळ असलेली ओळ मधेच तोडून तीन ओळी करायच्या हे मला अजिबात पटत नाही. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की हा चेकर मार्गदर्शक आहे, माणसाच्या निर्णयाला पर्याय नाही.

अजून एक, जुन्या अख्ख्या फाईलवर चेकपॅच चालवून क्लीनअप पाठवायचा मोह होतो. स्टेजिंगमधल्या, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या, ड्रायव्हर्ससाठी ते चालतं, शिकायला चांगली जागा आहे ती. बाकी ठिकाणी गिट ब्लेम (कुठली ओळ कोणी बदलली ते दाखवणारा) गढूळ होतो, आधीच रिलीज झालेल्या स्टेबल कर्नलला फिक्स नेताना कॉन्फ्लिक्ट येतात. कोड एका फाईलमधून दुसरीकडे हलवताना तर त्याच पॅचमध्ये स्टाईल सुधारायचीच नाही, काय हललं आणि काय बदललं हे वाचणाऱ्याला वेगळं काढता येत नाही.

फिक्स-इनप्लेस ऑप्शन बऱ्याच गोष्टी आपोआप दुरुस्त करतो, वापरा, पण नंतरचा डिफ, म्हणजे काय काय बदललं ते, स्वतः वाचा. आणि एखादी वॉर्निंग मुद्दाम ठेवली असेल तर मेसेजखालच्या तीन डॅशनंतर एका ओळीत कारण लिहा, तो मजकूर गिटच्या हिस्टरीत जात नाही पण रिव्ह्यूअरला लगेच दिसतो.